पाच शिक्क्यांचे सर

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम जांभळी असायची. हात धुतले तरी जांभळी, दिवाळीत उटणं लावलं तरी जांभळी. लोह्यातल्या एका लग्नात मी त्यांच्या समोरच्या पंगतीत बसले होते. त्यांनी पानातली पुरी उचलली आणि पुरीवर फिकट जांभळा ठसा उठला. त्यांनी ती निवांतपणे खाल्ली, वर आणखी एक मागितली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

या बोटांचं मूळ त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. पिशवीत एक स्टीलचा साबणाचा डबा, आणि त्या डब्यात साबण सोडून पाच रबरी शिक्के व शाईचं पॅड. एक त्यांच्या इतिहास मंडळाचा गोल शिक्का. एकावर ‘परीक्षक’. एकावर ‘निवृत्त मुख्याध्यापक’. एक तारखेचा, आकडे फिरवायचा. आणि पाचव्यावर नुसतंच ‘पाहिले’. काय पाहिले, कुणी पाहिले, ते विचारायचं नाही. हा माणूस जिथे बसेल तिथे डबा उघडायचा, पॅडवर शिक्का दाबायचा, त्यावर फुंकर मारायचा आणि समोर येईल त्या कागदावर ठोकायचा. सगळा तालुका त्यांना शिक्के सर म्हणायचा. त्यांच्या तोंडावरही म्हणायचा, आणि त्यांना ते आवडायचं.

मला हा माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या लिहिण्यात कुठे ओल दिसली तर कुणी फसायला नको.

मी मूळची लातूरची. आमच्या घराच्या एका अंगाला डाळमिल आणि दुसऱ्या अंगाला तीन मजली क्लास. दिवसभर मिलचा आवाज आणि संध्याकाळी क्लास सुटला की पोरांच्या दुचाक्यांचा. अशा गावात ‘मला इतिहास शिकायचाय’ असं म्हणणाऱ्या मुलीकडे लोक तापानं फणफणलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात. माझ्या मामांनी तर ‘कुणी काही बोललं का तुला?’ असं विचारलं होतं. या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी एम. ए. केलं, बी. एड. केलं आणि लोह्याजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात इतिहासाची शिक्षिका म्हणून रुजू झाले. साहजिकच मला माझ्या विषयाचा ताठा होता. पुरावा, साधनं, चिकित्सा हे शब्द मी नववीच्या पोरांसमोर एखाद्या मंत्रासारखे उच्चारायची.

आणि अशा माझ्यासमोर एके दिवशी स्कूटरवरून हे गृहस्थ आले. डोक्याला पांढरा रुमाल, खिशाला दोन पेनं. त्यांनी मला एक पत्रक दिलं. शालेय विद्यार्थ्यांसाठी इतिहास प्रकल्प स्पर्धा, उद्देश : विद्यार्थ्यांमध्ये नागरिकत्वाची जाणीव रुजवणे. पत्रकावर पाचही शिक्के होते. मंडळाचे अध्यक्ष, सचिव, संयोजक आणि मुख्य परीक्षक हे सगळे तेच.

मी विचारलं, “सर, नागरिकत्वाची जाणीव म्हणजे तुम्हाला नेमकं काय अपेक्षित आहे?”

“म्हंजे असं की,” त्यांनी रुमालानं मान पुसली, “पोरांनी कार्यक्रमात शांत बसावं.”

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती.

त्या वर्षी मी नांदेडला स्पर्धा बघायला गेले. एका शाळेचं सभागृह होतं आणि त्यात थर्माकोलचे एवढे किल्ले होते की महाराष्ट्रातले खरे किल्ले लाजावेत. पोरं त्यांच्याजवळ उभी होती आणि किल्ले आणले होते बापांनी, रिक्षातून, मांडीवर धरून. निम्मे किल्ले तर एकाच दुकानातले होते. एकाच साच्यातला बुरूज, एकाच डब्यातला तपकिरी रंग. आपल्या किल्ल्याचं नाव विसरलेलं एक पोरगं भिंतीला टेकून रडत होतं आणि त्याची आई खालच्या पट्टीवरचं नाव वाचून त्याला पाठ करून देत होती. नागरिकत्वाची जाणीव कुठे दिसली नाही. सगळे शांत मात्र बसले होते.

सरांची परीक्षण करायची पद्धत बघण्यासारखी होती. ते प्रत्येक टेबलासमोर थांबायचे, थर्माकोलवर बोट दाबून बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, “बल्ब लागतो का?” पोरानं बटण दाबलं आणि किल्ल्याच्या दरवाजात दिवा लागला की सरांचा चेहरा उजळायचा. पाणी पडणारा धबधबा असला तर ते दुसऱ्या परीक्षकाला हाक मारायचे. किल्ला कुणी बांधला, का बांधला, बांधणाऱ्यांना मजुरी मिळाली की वेठ, असलं काही विचारलं नाही. पहिलं बक्षीस अर्थातच ज्या किल्ल्यात सगळ्यात जास्त दिवे होते त्याला मिळालं. मग शाली, नारळ, हार. मग सरांचं भाषण. आणि शेवटी आलेल्या प्रत्येक पोराला प्रशस्तिपत्र, प्रत्येकावर पाच शिक्के. कुणी रिकाम्या हातानं जायचं नाही असा त्यांचा नियम होता. मी म्हटलं, “सर, सगळ्यांनाच द्यायचं तर स्पर्धा कशाला?”

“मॅडम, कागद मुका असतो. शिक्का बोलतो,” ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

परत येताना एसटीत मी ठरवलं, पुढच्या वर्षी या माणसाच्या टेबलावर खरा इतिहास नेऊन आपटायचा.

आमच्या नववीत करुणा नावाची मुलगी होती. बौद्ध वस्तीतली. कमी बोलायची, पण बोलली की ऐकणाऱ्याला खोकला यायचा अशी. ‘आपल्या गावातली नाहीशी झालेली एक गोष्ट शोधा’ असा मी विषय दिला. कुणी बारव शोधली, कुणी जातं. करुणानं वहीत एक ओळ लिहून आणली : आमच्या वस्तीचा मसणवाटेचा रस्ता.

तिचे आजोबा किसन आजा. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज खणखणीत. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी मला अंगणात उभं करून काठीनं दाखवलं. “त्या बाभळीपासून वड्यापस्तोर गाडीवाट होती, बाई. मी सोता बैलं हाकलीत तिच्यावरून. मंग बाजूच्या दत्तरावच्या बापानं नांगराचं एक तास घातलं, पुढल्या साली दोन. आता हरभरा हाय तिथं.” वाट गेली तशी वस्तीतल्या माणसांना शेवटचं न्यायचं तर ओढ्याच्या पात्रातून न्यावं लागे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. “माही बायको शिरावनात गेली. चौघं घसरले वड्यात. तिरडी खाली आली,” आजा म्हणाले. मग करुणाकडे बघून म्हणाले, “मला तसं नेऊ नका म्हनलं म्या हिला. बाकी काई नगं.”

प्रकल्प असा सुरू झाला. पाच मुलं होती. त्यांत खुद्द दत्तरावांची वैष्णवीही होती, कारण ती करुणाशेजारी बसायची आणि घरच्यांना तिनं विषयाचं नाव ‘दळणवळण’ सांगितलं होतं. पोरांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांशी बोलून वह्या भरल्या. आम्ही तालुक्याहून गाव नकाशाची नक्कल काढली. त्यात वस्तीपासून ओढ्यापर्यंत तुटक रेषांची जोडी होती, म्हणजे गाडीरस्ता. मी वर्गात नाचायचीच बाकी होते. जुन्या पाहणीच्या कागदाची एक नक्कलही मिळाली, निजामाच्या काळातली, उर्दूतली. तीही आम्ही मधोमध चिकटवली. पुरावा, साधनं, चिकित्सा. सगळं आलं.

नांदेडला आमचं टेबल कोपऱ्यात होतं. चार खाकी कागद, एक नकाशा, सात म्हाताऱ्यांची सांगणी, बल्ब शून्य. शेजारी एक किल्ला होता, त्याच्या चारही बुरुजांवर दिवे. शिक्के सर आले. त्यांनी सवयीनं खाकी कागदावर बोट दाबून बघितलं.

“बल्ब?”

“नाही सर,” करुणा म्हणाली.

ते पुढे निघाले आणि अर्ध्या पावलावर थांबले. मागे वळले. उर्दू कागदाजवळ नाक नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, उलटा चिकटवलाय.”

मला काही कळेना.

“ह्यो कागद. खालचं वर केलंय तुमी.” त्यांनी अख्खा खाकी तक्ता टाचण्या काढून फिरवला, पायाशी नकाशा लोंबला, आणि ते उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचू लागले. सावकाश, एकेक अक्षर जुळवत, पण वाचू लागले. त्यांचे वडील निजामाच्या वेळी पटवारी होते आणि दप्तराची भाषा म्हणून त्यांनी पोराला उर्दू शिकवली होती, हे मला पुढे कळलं. “वस्तीपासून नाल्यापर्यंत आम रस्ता. गाडीची ये-जा. कुणी अडवू नये,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, “कुणी अडवू नये, असं लिवलंय.”

मी तिथे मेले. पुराव्याचा जप करणाऱ्या बाईनं पुरावा वाचलाच नव्हता. जुना दिसतो म्हणून चिकटवला होता, तोही पाय वर करून. म्हणजे माझा तो कागद आणि शेजारचा थर्माकोलचा बुरूज यांत काडीचा फरक नव्हता. पण स्वतःवरचा राग फार वेळ टिकत नाही. संध्याकाळी निकाल लागला. पहिलं बक्षीस चार बुरुजांच्या दिव्यांना गेलं आणि आमच्या पोरांना ‘उत्तेजनार्थ’. मग माझा राग त्याच्या हक्काच्या माणसाकडे परत गेला.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “तुम्ही वाचलं होतं सर. तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही दिव्याला बक्षीस दिलं. लाज नाही वाटत?”

एवढं कठोर मी आधी कुणाशीच बोलले नव्हते. ते पायरीवर बसले, डबा उघडला आणि आमचं प्रशस्तिपत्र मांडीवर घेतलं.

“मॅडम, पहिल्या नंबरचं छापून येतंय. मोकळी जागा न्हाई त्याच्यात. पाहुण्याच्या हातानं द्यायचं, फोटो काढायचा, संपलं. उत्तेजनार्थ कोरं असतंय.” आणि ते लिहायला लागले. उर्दू कागदातला एकूण एक शब्द मराठीत, नकाशातली खूण, म्हाताऱ्यांची नावं, सगळं त्या कोऱ्या जागेत आपल्या बोजड अक्षरात लिहून काढलं. मग एकामागून एक पाच शिक्के. शेवटचा ‘पाहिले’. फुंकर मारून त्यांनी तो कागद मला न देता करुणाला दिला. “ग्रामसभेत ने. मोठ्यानं वाच.”

मी हसले. दुष्टपणे हसले, हे कबूल करते. त्या पाच शिक्क्यांना कायद्यात काय किंमत होती? लग्नपत्रिकेवरच्या गणपतीइतकी. नकाशाची नक्कल आमच्याकडे होतीच. खरा पुरावा तो होता आणि ग्रामसभा पुराव्यावर चालेल असं मला वाटत होतं.

ग्रामसभा भरली. मी नकाशा फडकवला. ग्रामसेवकानं तो न बघताच “बघू, बघू” म्हटलं. दत्तराव उठले. माणूस दांडगट नव्हता. साधा, कष्टाचा शेतकरी, पण बापानं पेरलेलं आपलंच असं मानणारा. “कुठला रस्ता मॅडम? माझ्या जन्मात मी रस्ता बघितला न्हाई तिथं. नकाशे काय, कुनीबी काढतंय.” चार माणसं हसली. माझा पुरावा घडी होऊन माझ्या हातात परत आला. मग करुणा उभी राहिली आणि तिनं ते प्रशस्तिपत्र वाचलं, शेवटच्या ‘पाहिले’पर्यंत. वाचून ग्रामसेवकासमोर ठेवलं.

त्यानं ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मी त्याच्या ओठांची हालचाल बघत होते.

“हे कुठून आलंय?”

“नांदेडहून,” करुणा म्हणाली. खोटं एक अक्षर नाही.

आणि त्या माणसानं घाम पुसत नोंदवही उघडली. इतके शिक्के असलेला कागद नोंदीत न घ्यायची त्याची छाती झाली नाही. पुढे चौकशी झाली तर? वरून कुणी विचारलं तर? शिक्क्यांवर काय लिहिलंय ते त्यानं वाचलंच नाही. विषय नोंदला गेला, म्हणून चर्चेला आला, म्हणून वस्तीतली सगळी माणसं हात वर करून उभी राहिली, म्हणून ठराव झाला. ठराव तहसीलला गेला. तिथल्या लोकांनी खरा नकाशा काढला, टेप धरला, पंचनामा केला आणि हरभऱ्यातून दोन ओळी चुन्याच्या आखल्या. टेपचं एक टोक पंचांनी वैष्णवीच्या हातात दिलं होतं, आणि बाप बघत असताना तिनं ते सोडलं नाही. मी घरी येऊन एकटी बसले आणि मला कुणाची जास्त कीव करावी ते ठरवता येईना : ग्रामसेवकाची, सरांची की माझी.

पण चुना पहिल्या पावसात जातो. गावात सगळे तेच म्हणत होते. मृग लागला की दत्तराव परत नांगर घालणार, मग पुन्हा अर्ज, पुन्हा पंचनामा. किसन आजा अंगणातून चुन्याच्या रेषेकडे बघायचे आणि करुणाला विचारायचे, “किती दिवस राहील गं?”

अशात शिक्के सर स्कूटरवरून गावात आले. पिशवीत शाल, नारळ आणि नवं प्रशस्तिपत्र. मला वाटलं, पोरांचा सत्कार. त्यांनी बाभळीखाली माणसं जमवली, आणि ज्या दत्तरावांच्या घरानं बापापासून रस्ता अडवला होता त्यांना बोलावून खुर्चीवर बसवलं. प्रशस्तिपत्र वाचायला लागले : ‘श्री. दत्तराव यांनी वस्तीसाठी रस्ता दिल्याबद्दल…’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना बाजूला ओढलं. “सर, हा सत्कार आहे की थट्टा? ज्यानं चोरलं तो दाता?”

ते हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, त्याला हरवून घेतलेला रस्ता तो पावसाळ्यात नांगरंल. त्याचं नाव भिंतीला लागलं तर तो सोता राखंल. माणसं मी चाळीस वर्षं बघून राहिलो.”

त्या क्षणी मला त्यांची खरोखर किळस आली. कारण ते बरोबर असण्याची शक्यता होती. मी गप्प बसले. लाजिरवाणं आहे, पण मी गप्प बसले. आजांना कोरड्या वाटेनं जायचं होतं, आणि ती वाट या खोट्या कागदातून जात असेल तर जाऊ दे, असं माझ्यातल्या इतिहासाच्या बाईनं ठरवून टाकलं.

करुणा गप्प बसली नाही.

“सर,” ती म्हणाली, “रस्ता त्यांनी दिला न्हाई. रस्ता होताच. तुमीच वाचला होता.”

दत्तराव खुर्चीवरून अर्धे उठले. वैष्णवी त्यांच्या मागे उभी होती, तिनं मान खाली घातली. आता शाल जाणार, नारळ जाणार, रस्ता जाणार. मी करुणाला डोळ्यांनी दटावलं, आणि तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मंग काय लिवू?” सरांनी विचारलं. चिडून नाही. एखाद्या बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं.

करुणानं कागदावर बोट ठेवलं. “मोकळा केल्याबद्दल, असं लिवा. ते खरं हाय.”

सरांनी खिशातलं पेन काढलं. ‘दिल्याबद्दल’वर सरळ एक रेघ मारली, वर ‘मोकळा केल्याबद्दल’ लिहिलं, डबा उघडला आणि त्या खाडाखोडीवर पाचही शिक्के मारले. आयुष्यात कधी आपल्या कागदावर खाडाखोड न केलेला माणूस तो. मग कागद दत्तरावांपुढे धरला. दत्तरावांनी तो बराच वेळ वाचला. खोडलेला शब्दही वाचला असणार, तो स्पष्ट दिसत होता.

“शिक्के हायत ना?” त्यांनी विचारलं.

“पाच हायत,” सर म्हणाले.

दत्तरावांनी कागद घेतला. शाल मात्र नको म्हणाले. ती सरांनी किसन आजांच्या खांद्यावर टाकली, आणि आजांनी ती हुंगून बघितली, नवी आहे का म्हणून.

तो कागद काच लावून दत्तरावांच्या ओसरीवर लागला. त्या पावसाळ्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं वाटेच्या कडेवरून फाळ घातला तर दत्तराव बांधावरून ओरडले, “आंधळा हाईस का रे? रस्ता हाय तो! माझं नाव हाय त्याच्यावर!” ते ऐकून मी शाळेच्या दारात उभी राहून दातओठ खाल्ले. पुढच्या वर्षी वाटेवर मुरूम पडला.

त्यानंतरही शिक्के सर सुधारले वगैरे नाहीत. पुढच्या स्पर्धेतही ते “बल्ब लागतो का?” हेच विचारत फिरले आणि पहिलं बक्षीस एका फिरत्या पवनचक्कीला दिलं. पवनचक्कीचा इतिहासाशी काय संबंध असं मी विचारलं तर म्हणाले, “पोरानं लई मेहनत घेतलीय.” मेहनत दुकानदारानं घेतली होती. आम्ही दर वेळी भांडलो. मी दर वेळी त्यांना लाज नाही वाटत का विचारायची आणि ते दर वेळी मला चहा पाजायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी लोह्याला त्यांच्या घरी भेटायला गेले. काकूंनी पाणी दिलं, आत गेल्या आणि तो स्टीलचा डबा घेऊन आल्या.

“तुमाला द्या म्हनले व्हते,” काकू म्हणाल्या. “बाकीचे नुसत्या टाळ्या वाजिवतात, त्या मॅडम भांडतात, असं म्हनायचे. तुमचा यायचा दिवस असला की दाढी करून बसायचे.”

मी नको म्हणाले. मग घेतला. घरी येऊन कपाटाच्या तळाशी टाकला. असल्या डब्याचं मी काय करणार होते?

करुणा आता अकरावीला आहे. लातूरला, माझ्याच माहेरच्या बाजूच्या तीन मजली क्लासात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. श्रावणात तिचा फोन आला. मी काय ते समजले. गावी पोचले तेव्हा वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत निघाली होती. आदल्या रात्रीपासून पाऊस होता, ओढा फुगून वाहत होता. आजा मुरुमाच्या वाटेनं गेले. खांदेकऱ्यांतलं कुणी घसरलं नाही, कुणाच्या चपलेला चिखल लागला नाही. दत्तराव आपल्या बांधावर डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. पंचशील म्हटलं गेलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि मी कुणासाठी रडत होते ते मला नीट सांगता येणार नाही. आजांसाठी तर होतंच. पण मला त्या वेळी तो रुमालवाला, जांभळ्या बोटांचा, दिव्यांना बक्षिसं देणारा माणूस त्या बाभळीखाली हवा होता. असता तर मी त्याच्याशी भांडले असते.

दोन दिवसांनी करुणा माझ्याकडे आली. हातात नववीतली ती प्रकल्पाची फाइल होती.

“शेवटचं पान राहिलं होतं मॅडम.”

तिनं लिहिलं होतं : ‘किसन आजा यांना गाडीवाटेने नेले. वाटेला चिखल नव्हता.’ खाली तारीख, आणि बरोबर चाललेल्या माणसांची नावं. बाकी काही नाही.

“सर असते तर…” एवढंच म्हणून ती थांबली.

मी उठले, कपाटाच्या तळातून डबा काढला. पॅड वाळून खडखडीत झालं होतं. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, अंगठ्यानं चोळलं. तारीख फिरवली. ‘परीक्षक’ आणि ‘निवृत्त मुख्याध्यापक’ माझे नव्हते, तरी सगळेच मारले, तिनं बोटानं दाखवलेल्या जागेवर. शेवटी ‘पाहिले’. हे एक मात्र मी खरंच पाहिलं होतं. फुंकर मारली आणि पान तिच्यापुढे सरकवलं.

रात्री भाकरी मोडताना बघितलं, माझी तीन बोटं जांभळी झाली होती. मी तशीच जेवले.